लाल गाडीचे माहेर

मुंबईकराला त्याच्या घराचा पत्ता विचारून पाहा. तो आधी रस्त्याचे नाव सांगेल, मग इमारतीचे, मग मजला. परंतु तुम्ही खरोखरच येणार आहात अशी खात्री पटली, म्हणजे तो आणखी एक गोष्ट सांगेल. ती म्हणजे बसचा नंबर! "स्टेशनाबाहेर पडलात की अमुक नंबरची गाडी धरा आणि कंडक्टरला अमक्या नाक्याचे नाव सांगा, तो उतरवील." पाहुण्याच्या मार्गदर्शनाची निम्मी जबाबदारी अशी कंडक्टरवर टाकून गृहस्थ निश्चिंत होतो. गेली कित्येक दशके हे असेच चालत आले आहे.

पण वाचकहो, ही लाल गाडी आपल्याला भेटते ती एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत. पहाटे ती कोठून येते, मध्यरात्री कोठे जाते, आजारी पडली तर तिचे औषधपाणी कोण करते, हे आपण सहसा विचारीत नाही. सासरी राबणाऱ्या सुनेचे माहेर कोणते याची चौकशी भाऊबीज आल्यावरच व्हावी, तसेच हे. तेव्हा या दिवाळीच्या निमित्ताने बेस्टच्या गाडीच्या माहेरी, म्हणजे तिच्या आगारात, एक फेरी मारून येऊ.

आगर आणि आगार

डेपो किंवा गॅरेज यांसाठी सरकारी मराठीने 'आगार' हा शब्द पसंत केला. आम्हां मराठी शिकविणाऱ्या मंडळींना सरकारी शब्दांची थट्टा करण्याची सवय असते, पण हा शब्द मात्र चांगला निवडला गेला आहे. आगार म्हणजे घर. कारागार, कोषागार, शस्त्रागार, ग्रंथागार या सर्वांत तो आहे. कोकणी माणसाच्या कानाला तो 'आगर'च्या अगदी शेजारचा वाटतो; आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि मीठ पिकते ते मिठागर. मौज अशी की वडाळा-आणिकच्या बाजूला मिठागरे आणि बसची आगारे मुंबईने जवळजवळ शेजारी नांदविली.

आगारांच्या पाट्या वाचीत गेले तर जुन्या साष्टीचा भूगोलच डोळ्यांसमोर येतो. मरोळ, मजास, मागाठाणे, पोयसर, मालवणी, गोराई, देवनार, दिंडोशी! यांतली पुष्कळशी एके काळची खेडी. आज तेथे उंच इमारती उठल्या आणि त्यांना परदेशी थाटाची नावे पडली. बसच्या कपाळावरच्या पाटीने मात्र गावाचे नाव सोडलेले नाही, आणि तेही मराठी अक्षरांत व मराठी आकड्यांत. मुंबईत नव्याने आलेल्या कितीतरी परप्रांतीयांनी मराठी एक ते नऊ हे आकडे बसच्या रांगेत उभे राहून गिरविले. आमच्या वर्गात येऊन मराठी शिकलेल्यांपेक्षा त्यांची संख्या निश्चितच मोठी असेल.

चंदी खाणारे इंजिन

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचे पहिले गॅरेज म्हणजे घोड्यांची पागा. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. काही डबे एका घोड्याचे, काही दोन घोड्यांचे. डबा दिवसभर चालू शकतो, घोडा चालू शकत नाही. मुंबईच्या उकाड्यात जनावराला वरचेवर बदली द्यावी लागे, म्हणून डब्यांच्या मानाने घोड्यांची संख्या कितीतरी मोठी. १९०५ साली घोड्यांची ट्राम बंद झाली, तेव्हा कंपनीच्या पदरी १,३६० घोडे होते! त्यांचा चारा, चंदी, पाणी, नाल, औषधोपचार, लीद काढणे, सारे रोजच्या रोज. आजच्या आगारातल्या डिझेलच्या पंपाच्या जागी तेव्हा चंदीचे कोठार होते, आणि फिटरच्या जागी नालबंद. गाडी रस्त्यावर तासभर धावावी यासाठी रस्त्याबाहेर किती तास खपावे लागते, हा धडा मुंबईने त्या पागेत घेतला.

पुढे वीज आली. १९०५ साली विलायतेत 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम महापालिकेच्या कचेरीसमोरून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मेळ 'बेस्ट' असा बसला, आणि हे नाव असे काही चिकटले की पुढे संस्था बदलली तरी अक्षरे हलली नाहीत. १९४७ साली 'ट्रामवेज'चे 'ट्रान्सपोर्ट' झाले, १९९५ साली 'बॉम्बे'चे 'बृहन्मुंबई' झाले, तरी बेस्ट ती बेस्टच! वीज आणि वाहतूक हा जोडसंसारही तेव्हापासूनचा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात दिवा लावणारी आणि सबंध मुंबईत बस चालविणारी संस्था एकच. आणि पुष्कळ वर्षे या घरातला मिळवता भाऊ म्हणजे वीज. वाहतुकीची तूट तो मुकाट्याने भरून काढीत असे.

चार आण्यांची चैन

बस आली ती १५ जुलै १९२६ रोजी. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट हा तिचा पहिला मार्ग. भर पावसाळ्यात सुरू झालेल्या या वाहनाचे लोकांनी कौतुक केले, पण ते गरिबाचे वाहन मानले गेले नाही. म्युझियमपासून दादरपर्यंत ट्रामने दीड आण्यात जाता येई. तेवढ्याच प्रवासाला बस चार आणे घेत असे. अडीच आण्यांचा फरक त्या काळी थोडा नव्हता. त्यामुळे काही वर्षे बस ही जरा बऱ्या स्थितीतल्या लोकांची गाडी राहिली.

शहर उत्तरेकडे सरकले तशी बसही सरकली. १९३४ मध्ये ती शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ मध्ये दुमजली बस आली, १९४० मध्ये 'लिमिटेड' गाड्या सुरू झाल्या. लिमिटेडचे मराठी 'मर्यादित'. थांबे मर्यादित असा त्याचा अर्थ. नेमकी आपल्या थांब्यावर न थांबता ती निघून गेली म्हणजे आपला संयमही तितकाच मर्यादित असल्याचे कळून येते!

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला अवघे आठ दिवस असताना, महापालिकेने हा सारा कारभार आपल्या हाती घेतला. तेव्हा ताफ्यात २४२ बस होत्या आणि मार्ग होते २३. विलायतेत नोंदलेल्या कंपनीची मालमत्ता शहराची झाली. ट्रॅम, बस, रूळ आणि तारा यांच्याबरोबर त्यांच्या जागाही शहराला मिळाल्या, ही गोष्ट तेव्हा कदाचित कोणाच्या फारशी मनात आली नसेल. आज तीच सर्वांत महत्त्वाची ठरली आहे.

ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली आणि थांबली. दादरचे ट्राम टर्मिनस संपले, पण 'दादर टी. टी.' हे नाव आजही पत्त्यात आहे. ज्यांनी जन्मात ट्राम पाहिली नाही तेही बिनदिक्कत टी. टी.ला उतरतात. मधल्या काळात तारांवर चालणारी ट्रॉलीबसही येऊन गेली. ११ जून १९६२ ला गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ ला बंद पडली. मग उरली ती एकटी बस.

मध्यरात्रीचा संसार

आगाराचा दिवस आपल्या उलटा असतो. आपण अंथरूण घालतो तेव्हा तेथे जाग येते. शेवटच्या फेऱ्या संपवून गाड्या एकामागून एक फाटकातून आत येऊ लागतात. ड्रायव्हर उतरतो तो आधी गाडीची तक्रार लिहून देतो: ब्रेक कमी लागतो, डावीकडचा दिवा गेला, इंजिन तापते, दार नीट मिटत नाही. दिवसभर त्या गाडीशी ज्याने झोंबाझोंबी केली त्याचेच हे निदान. आगारातल्या कारागिराला उपचाराची दिशा तेथून मिळते. कंडक्टर आपला हिशेब घेऊन खिडकीशी जातो. पूर्वी पत्र्याची तिकीटपेटी, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या आणि टकटक करणारा पंच असे. विकलेल्या तिकिटांचे आकडे मांडावयाचे आणि चिल्लर मोजून भरावयाची. कमी भरले तर ते त्याच्याच खिशातून जाई. पुढे यंत्राची तिकिटे आली आणि पेटी गेली, पण हिशेब चुकला नाही.

इकडे गाडी धुतली जाते, आतला कचरा झाडला जातो. (दिवाळीच्या दिवसांत त्यात फराळाच्या पिशव्यांपासून मिठाईच्या खोक्यांपर्यंत काय काय निघत असेल याची कल्पनाच केलेली बरी.) तेल, पाणी, हवा पाहिली जाते. ज्या गाडीची पाळी असेल ती खड्ड्यावर उभी राहते; फिटर खाली उतरून तिचे पोट तपासतो. कोणता नट ढिला आहे, कोठून तेल झिरपते, कोणती पट्टी झिजली, हे तो बॅटरी मारून पाहतो आणि हाताने चाचपतो. जाणता कारागीर इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतो. वैद्याने नाडी धरावी त्यातलाच हा प्रकार. मोठे दुखणे असेल तर गाडी दादरच्या मध्यवर्ती कार्यशाळेत जाते. तेथे इंजिन उतरवून, सुटे करून, पुन्हा जुळवून बसविण्यापर्यंतचे काम होते.

पहाटे चारच्या सुमारास पुन्हा फाटक वाजू लागते. ड्युटीचे तक्ते, गाड्यांचे नंबर, कोण आला, कोण रजेवर, कोणाच्या जागी कोण, हा सारा मेळ अंधारातच बसवावयाचा. दुधवाला, फुलवाला, पेपरवाला, पहिल्या पाळीचा कामगार आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका थांब्यावर उभी असतात. त्यांची गाडी वेळेवर आली तर कोणी आगाराची आठवण काढीत नाही. न आली तर मात्र साऱ्या संस्थेचा उद्धार होतो!

दसऱ्याला या आगारांत यंत्रांची पूजा होते. गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. दिवाळीत आपण भाऊबीजेला बहिणीकडे जातो ते ज्या गाडीने, तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरची ओवाळणी ड्युटी संपेपर्यंत वाट पाहत असते. हे लोक आपल्यातलेच. बद्रुद्दीन काझी नावाचा एक कंडक्टर आपल्या नकलांनी उतारूंना हसवीत असे. तोच पुढे जॉनी वॉकर म्हणून साऱ्या देशाला हसवू लागला. २०२२ साली बेस्टच्या गाडीच्या चाकामागे प्रथमच एक स्त्री ड्रायव्हर म्हणून बसली, तेव्हा आगाराच्या संसारात आणखी एक दार उघडले.

या संसाराची परीक्षा संकटात होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर जागच्या जागी थिजले आणि कित्येकांनी ती रात्र बसमध्येच बसून काढली. मार्च २०२० मध्ये करोनाने लोकल सामान्य माणसासाठी बंद झाली, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पालिकेचे नोकर यांना कामावर नेण्याचा भार या बसने उचलला. त्या सेवेत बेस्टच्या अनेक कर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले.

रिकाम्या फेरीचे गणित

आता एक साधे गणित मांडू. पहाटे गाडी आगारातून निघते आणि आपल्या मार्गाच्या पहिल्या थांब्यापर्यंत रिकामीच जाते. रात्री शेवटच्या थांब्यावरून आगारात रिकामीच परतते. या धावेत इंधन जळते, चाके झिजतात, ड्रायव्हरचा वेळ जातो, पण तिकीट एकही फाटत नाही. समजा, आगार मार्गापासून दोन किलोमीटरवर आहे. शंभर गाड्यांची रोजची रिकामी धाव चारशे किलोमीटर झाली. तेच आगार दहा किलोमीटरवर गेले, तर ती दोन हजार किलोमीटर होते. आणि ही रोजची बाब आहे. वर्षाचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून बसची आगारे शहरभर पसरलेली असावी लागतात. कुलाबा, मुंबई सेंट्रल, वरळी, वडाळा, धारावी, वांद्रे, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, गोरेगाव अशी ती शहराच्या अंगभर पेरलेली आहेत, ती यासाठीच. घरात पाण्याचा माठ स्वयंपाकघराजवळ असतो. तो गच्चीवर नेऊन ठेवला तर पाणी तेवढेच राहील, पण प्यायला कोणी जाणार नाही.

अडचण अशी, की ही आगारे ज्या जमिनीवर आहेत ती जमीन आता सोन्याची झाली आहे. मोकळे विस्तीर्ण आवार, मोक्याचा रस्ता, आणि मालक तोट्यातली सार्वजनिक संस्था! अशा जागेकडे बांधकामाची दृष्टी न गेली तरच नवल. काही आगारांच्या जागेत व्यापारी बांधकामे यापूर्वीच उभी राहिली आहेत, आणि उरलेल्यांचा 'विकास' करून त्या पैशातून तूट भरावी असा विचार पुन्हा पुन्हा पुढे येत असतो. तूट खरी आहे, हेही मान्य केले पाहिजे. रोजचा खर्च भागत नाही तेव्हा घरातला दागिना नजरेसमोर येतो, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांना कोणी शिकवावयास नको. परंतु शहाणी गृहिणी दागिना गहाण टाकते तेव्हा तो सोडवून आणण्याची तारीखही मनात धरते. उंच इमारतीच्या तळघरात बसला थोडी जागा ठेवली, तर कागदावर आगार राहते. तेथे गाडी वळेल का, खड्डा असेल का, दुमजली गाडीचे डोके लागेल का, रात्री दोनला इंजिन सुरू केल्यावर वरच्या मजल्यावरचे रहिवासी तक्रार करतील का, हे प्रश्न नकाशात दिसत नाहीत.

दुसरा प्रश्न मालकीचा. २०१८-१९ नंतर बेस्टने भाड्याच्या गाड्या मोठ्या प्रमाणावर घेतल्या. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, दुरुस्तीही त्याचीच; मार्ग आणि नाव बेस्टचे. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी स्वतःच्या मालकीच्या तीन हजारांहून अधिक गाड्या राखण्याचा शब्द कामगारांना दिला गेला होता. २०२५ साली त्या काही शेकड्यांवर आल्या. भाड्याच्या गाडीने प्रवाशाची गैरसोय होतेच असे नाही. नव्या वातानुकूलित गाड्यांत मे महिन्याच्या दुपारी बसलेला माणस असे मुळीच म्हणणार नाही. पण ठेकेदाराला परवडले नाही म्हणजे तो निघून जातो, आणि त्याच्याबरोबर गाड्याही जातात. आगारातला फिटर मात्र एका दिवसात तयार होत नाही. वीस वर्षे खड्ड्यात उतरून जे कान आणि जे हात तयार झाले, ते निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखाली कोणी शिकले नाही, तर ती विद्या कोणत्या पुस्तकातून परत मिळणार?

भाड्याचाही विचार यातच येतो. जुलै २०१९ मध्ये किमान तिकीट पाच रुपये झाले, तेव्हा प्रवासी झपाट्याने परतले. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. चौघांचे कुटुंब रविवारी बाहेर पडावयाचे म्हटले की गृहिणी मनातल्या मनात जाण्यायेण्याचा गुणाकार करते, आणि उत्तर मोठे आले की रिक्षाकडे किंवा घरातल्या स्कूटरकडे वळते. प्रत्येक वळलेल्या कुटुंबाबरोबर रस्त्यावर एक वाहन वाढते आणि बस आणखी थोडी अडकते. अडकलेली बस उशिरा येते, म्हणून आणखी एक कुटुंब वळते. हे चक्र उलटे फिरविता येते हे २०१९ साली दिसले आहे.

निरोप आणि आगमन

१५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या धाटणीची शेवटची दुमजली बस अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झच्या मार्गावर धावली. लोकांनी तिला हारफुले घातली आणि तिच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकावर बसण्यासाठी लहानपणी ज्यांनी भावंडांशी भांडणे केली, ते आता आपल्या मुलांना घेऊन आले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवर चालणारी नवी दुमजली बस रस्त्यावर आलेली होती. १९०७ ची ट्राम विजेची, १९६२ ची ट्रॉलीबस विजेची, आणि ही बसही विजेचीच. फरक इतकाच, की आता डोक्यावर तार नाही. ती रात्री आगारात येऊन, पोटभर वीज घेऊन पहाटे बाहेर पडते. म्हणजे गाडी जितकी नवी, तितकी आगाराची गरज मोठी! डिझेलची गाडी वाटेत कोठेही तेल भरू शकेल, पण शेकडो विजेच्या गाड्यांना रात्रभर उभे राहून वीज घेण्यासाठी जागा हवी, आणि ती शहरातच हवी.

१९२६ च्या १५ जुलैला अफगाण चर्चहून निघालेल्या गाडीच्या प्रवासाची शंभर वर्षे २०२६ च्या १५ जुलैला भरतात. शताब्दीला भाषणे होतात, हार घातले जातात. ते अवश्य व्हावे. पण त्याबरोबर महापालिकेला प्रत्येक नागरिकाने दोन साधे प्रश्न विचारावेत: आमच्या विभागातले आगार पुढील पन्नास वर्षे आगार म्हणूनच राहणार का? आणि त्यात शहराच्या स्वतःच्या गाड्या किती असतील? पुढच्या वेळी बस उशिरा आली म्हणून आपण चिडू, तेव्हा कंडक्टरशी वाद घालण्यापेक्षा हे प्रश्न निवडून दिलेल्या नगरसेवकाला विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल. कंडक्टर बिचारा आपल्याइतकाच त्या गर्दीत उभा असतो.